मदत हवी आहे: सिकलसेल वाहक आणि आरोग्य विमा

राम राम मंडळी. आम्ही शहाद्याचे. पुतणीच्या सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) कार्डावर ‘वाहक’ असा शिक्का आहे, म्हणजे आजाराचा जनुक अंगात आहे, पण आजार नाही. पोरीला त्रास काहीच नाही, शेतात माझ्यापेक्षा जास्त राबते. आता आरोग्य विम्याच्या फॉर्मात ‘आनुवंशिक आजार आहे का?’ असा रकाना आलाय. एजंट म्हणतो, लिहूच नका. मला ते पटत नाही. उद्या क्लेम अडकला तर हाच फोन उचलणार नाही.

२०१८ मध्ये आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) कंपन्यांना बजावलंय, की आनुवंशिक आजाराचं कारण दाखवून क्लेम नाकारू नका. पण ते क्लेमचं झालं. नुसतं वाहक असणं ‘आधीपासूनचा आजार’ धरून ३ वर्षांचा वेटिंग पिरियड (तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) लावता येतो का? जादा हप्ता?

कुणी असं कळवून पॉलिसी काढली असेल, तर रकान्यात नेमकं काय लिहिलं ते सांगा भाऊ. फोटो टाकला तर नाव झाकून टाका.