8-8-88चा ब्रह्मदेशातला उठाव 15 मिनिटांत कसा मांडावा?

रामबाग, इंदूर:
गणेशोत्सवात आमच्या मंडळात ब्रह्मदेशातल्या 1988च्या उठावावर बोलायचं ठरवते आहे. वेळ 15 मिनिटं. सुरुवात 8 ऑगस्टच्या संपापासून करू का? आणि एवढे लोक रस्त्यावर येऊनही लष्कर हटलं का नाही?

राजेंद्रनगर:
ताई, 5 सप्टेंबर 1987पासून सुरू करा. त्या दिवशी लष्करी हुकूमशहा ने विन यांच्या सरकारनं 25, 35 आणि 75 क्यातच्या (तिथलं चलन) नोटा रद्द केल्या. आपल्या नोटबंदीत नोटा बदलून तरी मिळाल्या, तिथे तेही नाही. मुलांच्या फीचे पैसे एका दिवसात रद्दी झाले. मग 45 आणि 90च्या नोटा काढल्या, कारण ने विनना 9चा आकडा शुभ वाटे. राग इथे साठला.
पुढे मार्च 1988. रंगूनच्या चहाच्या दुकानातलं भांडण, 13 तारखेला गोळीबारात फोन मॉ हा विद्यार्थी गेला. पकडलेल्यांपैकी 41 जण पोलिसांच्या बंद गाडीत गुदमरून मेले, आणि सरकारनं ते जुलैपर्यंत कबूल केलं नाही. या 41 जणांवर दोन मिनिटं द्याच.

लोकमान्यनगर:
एक चूक सगळे करतात: ‘लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची यांनी उठाव सुरू केला.’ त्या एप्रिलमध्ये आजारी आईसाठी परतल्या होत्या. रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाजवळची त्यांची मोठी सभा 26 ऑगस्टची, म्हणजे संपानंतर अठरा दिवसांनी.
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऑगस्टअखेर ते 18 सप्टेंबर या दिवसांत आहे. सैन्य रस्त्यावरून मागे गेलं होतं, मोहल्ल्यांचा कारभार लोकांच्या समित्या पाहत होत्या. हंगामी सरकार हवं यावर एकमत होतं, पण त्यात कोण असावं यावर नव्हतं. 9 सप्टेंबरला माजी पंतप्रधान ऊ नू यांनी तर परस्पर स्वतःचं सरकार जाहीर केलं. आणि मुख्य म्हणजे सेनाधिकारी फुटले नाहीत. 1986मध्ये फिलिपिन्सला संरक्षणमंत्री एन्रिले आणि सेनाधिकारी रामोस हुकूमशहा मार्कोसपासून फुटले, तसं इथे कुणी मोठं बाहेर आलं नाही. 18 तारखेला लष्करप्रमुख सॉ माँग यांनी सत्ता घेतली आणि पुन्हा गोळीबार झाला.

रामबाग, इंदूर:
1990ची निवडणूक घेऊ का?

राजेंद्रनगर:
एकाच वाक्यात: सू ची नजरकैदेत असताना त्यांच्या पक्षाला 485पैकी 392 जागा मिळाल्या, लष्करानं सत्ता दिलीच नाही. नकाशावर ‘रंगून’च लिहा, ‘यांगून’ हे नाव 1989मध्ये लागलं.