नाल्याच्या पाण्यात लाल पेशी फुटतायत, केमिकलमुळेच ना?

टीवाय_झूलॉजी: प्रोजेक्टसाठी एमआयडीसीच्या खालच्या नाल्याचं पाणी आणलं, खाटकाकडून बोकडाचं रक्त सायट्रेट घालून आणलं, पेशी धुतल्या नि ०.९ टक्के सलाईन आणि नाल्याचं पाणी निम्मं निम्मं करून त्यात टाकल्या. अर्ध्या तासाने सेंट्रिफ्यूज केलं तर वरचं पाणी लालभडक, तळाला काहीच नाही. नुसत्या सलाईनवाली ट्यूब एकदम स्वच्छ. मग हेवी मेटलने मेम्ब्रेन (पेशीचं आवरण) फाटलं असं लिहू ना? कसं फाटतं तेही सांगा, व्हायवात विचारतील.

लॅबवाली_मावशी: अरे थांब, काही लिहू नकोस. निम्मं पाणी ओतलंस म्हणजे मीठ आलं ०.४५ टक्क्यांवर, बाहेर मीठ कमी की पाणी पेशीत शिरतं. तिथे माणसाच्या पेशीही फुटायला लागतात, बोकडाच्या तर केवढ्याशा नि नाजूक, त्या ०.६ च्या वरच जातात. नाल्याऐवजी घरच्या नळाचं पाणी घालून बघ. मग नाल्याच्या पाण्यात मीठ वजन करून घाल, पीएच सातच्या आसपास आण आणि परत कर.

रक्तपेढी_निवृत्त: मावशींशी सहमत. मेटलचं काम असं धडाकेबाज नसतं. पारा मेम्ब्रेनमधल्या प्रोटीनच्या गंधकाला चिकटतो, सोडियमचा पंप बंद पडतो, मग पाणी आत शिरून पेशी फुगते. तांबं, कॅडमियम आतलं ग्लुटाथायोन (पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवणारं रसायन) संपवतात, मेम्ब्रेनची चरबी खवट तेलासारखी ऑक्सिडाइझ होते, पेशी कडक होते आणि बहुतेकदा रक्तात न फुटता प्लीहेच्या फटीत अडकून मरते. लाल पेशीला केंद्रकच नाही, दुरुस्तीला नवीन प्रोटीन बनवणार कुठून, १२० दिवस आहे त्यावरच काढायचे. हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियम सहा) तर क्लोराइड-बायकार्बोनेटच्याच दारातून आत जातं, आत त्याचं क्रोमियम तीन होऊन हिमोग्लोबिनला चिकटतं, बाहेर पडत नाही. म्हणून तर पूर्वी पेशी किती दिवस जगतात ते मोजायला किरणोत्सारी क्रोमियम-५१ वापरायचे.

टीवाय_झूलॉजी: मावशी, नळाच्या पाण्यानेही लाल 😭 मीठ घालून केलं तर नाल्याच्या पाण्याने फक्त जराशी गुलाबी झाक. अजून एक, तुलनेसाठी पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफरच्या सलाईनमध्ये) लेड नायट्रेट टाकलं तर पेशी घालायच्या आधीच गढूळ झालं, असं का?

लॅबवाली_मावशी: पीबीएसमधल्या फॉस्फेटने शिसं खाली बसवलं, पेशींना मिळालंच नाही. फॉस्फेट नसलेलं, ट्रिस बफरचं सलाईन घे. गुलाबी झाक कलरीमीटरवर ५४० नॅनोमीटरला मोज, डोळ्यांनी ठरवू नकोस. आणि रक्त त्याच दिवशीचं आण, शिळ्या पेशी आपोआप फुटतात.