मतदारसंघ की बालेकिल्ला?

प्रश्न: मी नववीला राज्यशास्त्र शिकवते. घटक चाचणीत ‘मतदारसंघ म्हणजे काय?’ असा एका गुणाचा प्रश्न होता. एका मुलाने लिहिलं, ‘जो भाग एखाद्या नेत्याचा बालेकिल्ला असतो, त्याला मतदारसंघ म्हणतात.’ मुलगा हुशार आहे, आजोबांना रोज पेपर वाचून दाखवतो. मला लाल पेन टेकवेना. लोकशाही, प्रजासत्ताक, गणराज्य यांतला फरक वर्गात कसा उलगडावा? आणि बातम्यांतल्या या राजेशाही शब्दांचं काय करावं?

प्रतिसाद: ताई, आधी तुमचे तीन शब्द. कारभार कुणाच्या मर्जीने चालतो, ते ‘लोकशाही’ सांगते. सर्वोच्च पद वंशाने मिळतं की नाही, ते ‘प्रजासत्ताक’ सांगतं. ब्रिटनमध्ये लोकशाही आहे, पण राजाही आहे, म्हणून ते प्रजासत्ताक नाही. चीन प्रजासत्ताक म्हणवतो, पण सत्ता एकाच पक्षाची. मुलांना आपलंच उदाहरण द्या: १५ ऑगस्ट १९४७ला आपण स्वतंत्र झालो, तरी २६ जानेवारी १९५० उजाडेपर्यंत कागदोपत्री राजा सहावा जॉर्जच होता.

‘गणराज्य’ हा प्रजासत्ताकाचाच दुसरा शब्द. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘लोकशाही गणराज्य’ आहे. दिवस मात्र आपण ‘प्रजासत्ताक दिन’ म्हणून साजरा करतो. मला गणराज्य जवळचा वाटतो. प्रजा म्हणजे मुळात संतती. प्रजा म्हटलं की बापाच्या जागी राजा आलाच. ‘मायबाप सरकार’ त्याच घरातलं. अर्थात ‘लोकशाही’तली ‘शाही’सुद्धा आदिलशाही-निजामशाहीतलीच, पण वापरून वापरून तिच्यातला शाह केव्हाच पुसला गेला. तेव्हा शब्द कुठून आला यापेक्षा तो आज काय करतो, ते बघावं.

आता बालेकिल्ला. फारसीत ‘बाला’ म्हणजे वरचा. राजगडावर गेला असाल तर माच्या ओलांडून वर चढणारी ती अरुंद, खडी वाट आठवेल. खालचं सगळं पडलं तरी शेवटपर्यंत लढवायची ही जागा. हाच शब्द एखाद्या तालुक्याला लावला की तालुक्याला किल्लेदार आला, तटबंदी आली, शत्रू आला. तिथली माणसं शिबंदी झाली आणि दुसऱ्याला मत देणारा फितूर ठरला. ‘गड राखला’, ‘सुरुंग लावला’, ‘शिलेदार’, ‘युवराज’ हे निकालाच्या दिवशी टीव्हीवर दिवसभर चालतं. तुमच्या विद्यार्थ्याने ऐकलं तेच लिहिलं.

मला याहून जास्त सलतं ते ‘दिला’ हे साधं क्रियापद. ‘आमदारांनी गावाला रस्ता दिला.’ रस्ता झाला तो करांच्या पैशातून, आणि काडेपेटी घेणारी म्हातारीसुद्धा कर भरते. तरी बातमीत देणारा एक आणि घेणारं गाव. ‘लाभार्थी’चंही तसंच: लाभाची इच्छा धरून उभा असलेला माणूस. आपल्याकडे १९७७च्या कायद्याने ‘रोजगार हमी’ हा शब्द घरोघरी नेला. त्यात हमी होती, काम मागणारा मजूर हक्कदार होता. हक्कदाराला लाभार्थी म्हणत राहिलं की तो तक्रार करायचा थांबतो, हात जोडतो. हे मी आमच्या गावच्या ग्रामसभेत पाहिलंय. नळाला आठवडाभर पाणी नव्हतं, आणि बोलायला उठलेल्या बाईंचं पहिलं वाक्य होतं, ‘साहेब, उपकार करा.’

प्रश्नकर्ती: मग बातम्यांतले सगळेच जुने शब्द टाकायचे का?

प्रतिसाद: मुळीच नाही. ‘कौल’ बघा. पूर्वी सत्ता रयतेला कौल द्यायची: पडीक जमीन लागवडीला आणा, अमुक वर्षं सारा कमी घेऊ, असं लेखी वचन. कोकणात आजही देवाला कौल लावतात. आणि निवडणुकीत कौल देते जनता. देणारा बदलला, शब्दाचं वजन तेच राहिलं. असा शब्द जपावा.

वर्गासाठी एक करून बघा. निकालाच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर न्या आणि ‘बालेकिल्ला’ दिसेल तिथे मुलांना ‘मतदारसंघ’ लिहायला सांगा. ‘अमुक यांचा मतदारसंघ ढासळला’ हे वाक्य वाचताना मुलं आपोआप अडतील. मग ते नीट करायला सांगा. ‘मतदारांनी या वेळी दुसऱ्याला निवडलं’ असंच काहीतरी त्यांना लिहावं लागेल.