असंघटित कामगारांकडून आरोग्य विम्याचा हप्ता घ्यावा का? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

आकडेमोड्या

समजा, एका देशात दहातले सात कामगार असंघटित आहेत. पगारदारांचा हप्ता पगारातून कापता येतो, अगदी गरिबांचा हप्ता सरकार भरेल. मधला मोठा थर उरतो: छोटे शेतकरी, फेरीवाले, रोजंदारीवाले. त्यांच्यासाठी 'माणशी वर्षाला अमुक हप्ता, ऐच्छिक' असा मसुदा प्रत्येक देशात कधी ना कधी पुढे येतोच. माझ्या शंका तीन. ऐच्छिक हप्ता टिकतो का? टिकत नसेल तर पैसा कुठून आणायचा? आणि पैसा आलाच, तर रुग्णालयांना तो कोणत्या पद्धतीने द्यायचा? 'सरकारने खर्च वाढवावा' हे उत्तर पाठ आहे, त्यापुढचं लिहा.

तिरपा रकाना

पहिल्या शंकेचं उत्तर: टिकत नाही. साधा हिशेब मांडतो. १०० माणसं घ्या. ८० धडधाकट, माणशी वर्षाचा खर्च ५०. २० आजारी, माणशी ८००. एकूण २०,०००, म्हणजे सरासरी हप्ता २००. आता ज्यांचा खर्च ५० आहे त्यांना २०० जड वाटतात आणि त्यातले ४० बाहेर पडतात. उरलेल्या ६० जणांचा खर्च १८,०००, हप्ता ३००. अजून ३० धडधाकट गेले की ३० जणांचा खर्च १६,५०० आणि हप्ता ५५०. दोन फेऱ्यांत योजना मुख्यतः आजाऱ्यांची झाली.

यावर नेहमीचे दोन उपाय: नोंदणीनंतर काही महिने थांबल्याशिवाय लाभ नाही, आणि नोंदणी एकेकट्याची न करता अख्ख्या कुटुंबाची. दोन्हींनी गळती मंदावते, थांबत नाही.

थायलंडने हा धडा पैसे मोजून घेतला. तिथे १९८३ पासून ऐच्छिक आरोग्यपत्र होतं. पुढे कुटुंबाने ५०० बाट भरायचे आणि सरकारने त्यात भर घालायची अशी रचना झाली, तरी घेणारे बहुतेक आजारपण दिसू लागल्यावरच येत. २००२ मध्ये ते गुंडाळलं. सरकारी नोकर आणि पगारदारांच्या योजनेत नसलेल्या उरलेल्या सगळ्यांना, म्हणजे सुमारे पावणेपाच कोटी लोकांना, थेट करातून संरक्षण दिलं. रुग्णाकडून एका भेटीचे फक्त ३० बाट, आणि २००६ मध्ये तेही काढले (२०१२ मध्ये ते परत आले, पण सवलतींसह).

मुदतबाह्य पावती

रकाना यांच्याशी बव्हंशी सहमत, पण 'हप्ता अशक्य' असं सरसकट म्हणू नये. रवांडाने तो जमवला. २००८ च्या कायद्याने विमा सक्तीचा केला, २०११ पासून गावपातळीवर ठरलेल्या आर्थिक गटांनुसार माणशी २,०००, ३,००० आणि ७,००० फ्रँक असे हप्ते लावले, आणि सर्वांत खालच्या गटाचा हप्ता सरकार व देणगीदारांनी उचलला. घरातल्या सगळ्यांचे भरल्याशिवाय कुणालाच लाभ नाही, असा नियम होता. यामागे गावपातळीपर्यंत पोचलेलं प्रशासन होतं, ते नसेल तर नियम कागदावरच राहतो.

दक्षिण कोरियाने १९७७ मध्ये ५०० च्या वर कामगार असलेल्या कंपन्यांपासून सुरुवात करून १९८९ पर्यंत सगळ्यांना विम्यात आणलं. पण स्वयंरोजगारवाल्यांच्या वेगवेगळ्या विमा निधींना सरकारी अनुदानाचा टेकू लागला, आणि साडेतीनशेहून जास्त निधी शेवटी २००० मध्ये एकत्र करावे लागले. लहान लहान निधी वेगळे ठेवले की म्हाताऱ्यांचे आणि गरिबांचे निधी आधी कोरडे पडतात.

घानाचं उदाहरण तुमच्या दुसऱ्या शंकेशी जुळतं. २००३ च्या कायद्याने तिथे वस्तू-सेवांवर २.५ टक्के आरोग्य अधिभार लावला आणि योजनेचा मोठा हिस्सा त्यातून येतो. असंघटितांच्या हप्त्यांतून थोडाच पैसा जमतो, आणि दरवर्षी नूतनीकरण करताना माणसं गळतात ती वेगळीच. हप्ता वसूल करायला माणसं, पावत्या, फेऱ्या लागतात. तो खर्च वजा केल्यावर हातात काय उरतं, हे मसुद्यात कुणी लिहीत नाही.

आकडेमोड्या

म्हणजे राखीव कर हाच मार्ग? तंबाखू-दारूवर कर लावायचा आणि तो आरोग्यालाच द्यायचा?

मुदतबाह्य पावती

फिलिपिन्सने २०१२ च्या कायद्याने तेच केलं आणि वाढीव उत्पन्नातला मोठा भाग गरिबांच्या विमा हप्त्यांना दिला. पण दोन सापळे आहेत. एक, अर्थखातं नवा राखीव पैसा आला की जुनी तरतूद गुपचूप कमी करतं. दुसरा, राखीव म्हटलेला करही राखीव राहतोच असं नाही. घानात २०१७ च्या कायद्याने सगळ्या राखीव निधींना एकूण करउत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि आरोग्याच्या अधिभाराचा काही भाग इतरत्र वळला. त्यामुळे कायद्यातच लिहून घ्या: मूळ तरतूद कमी करता येणार नाही, आणि अधिभार जमल्यावर किती दिवसांत निधीत जमा व्हायचा.

दरपत्रक

तिसऱ्या शंकेकडे कुणी वळलंच नाही, आणि खरी माती तिथेच होते.

प्रत्येक तपासणीचे वेगळे पैसे दिले तर तपासण्या वाढतात. थायलंडमध्ये सरकारी नोकरांच्या योजनेत बाह्यरुग्ण सेवेचं बिल असंच फेडलं जातं, आणि तिथला माणशी खर्च सार्वत्रिक (वर आलेल्या, करातून चालणाऱ्या) योजनेच्या कितीतरी पट गेला. सार्वत्रिक योजनेत बाह्यरुग्णांसाठी नोंदलेल्या डोक्यामागे ठरावीक रक्कम मिळते (पहिल्या वर्षी सर्व सेवा धरून १,२०२ बाट), आणि दाखल रुग्णांसाठी आजाराच्या गटाला ठरलेल्या दराने, तेही आधीच बांधलेल्या एकूण रकमेतून.

डोक्यामागच्या रकमेतही खोडी आहे. थायलंडने सुरुवातीला डॉक्टर-परिचारिकांचे पगार तिच्यातच धरले. जिथे आधीपासून कर्मचारी जास्त, ती रुग्णालयं तोट्यात गेली आणि त्यांना सावरायला वेगळा आपत्कालीन निधी काढावा लागला. शिवाय रक्कम बांधलेली असली की रुग्ण लवकर वरच्या रुग्णालयात पाठवायची सवय लागते. म्हणून पाठवणाऱ्यालाच त्या उपचाराच्या खर्चाचा काही भार द्यावा.

आजारगटाच्या दरात दोन लबाड्या ठरलेल्या: साधं दुखणं गंभीर म्हणून नोंदवणं, आणि रुग्ण लवकर घरी पाठवून काही दिवसांनी पुन्हा दाखल करणं. उपाय म्हणजे नमुना तपासणी, आणि त्याच आजारासाठी महिन्याभरात पुन्हा दाखल केल्यास वेगळे पैसे न देणं.

तैवानने १९९५ मध्ये सगळे एकाच विम्यात आणले आणि पुढे एकूण रक्कम बांधली. प्रत्येक सेवेला ठरावीक गुण असतात आणि पैसे गुणांवर मिळतात. गुण जास्त झाले की एका गुणाची किंमत घटते. खर्च हाताबाहेर जात नाही, पण डॉक्टर घटलेली किंमत भरून काढायला आणखी गुण करतात. त्यासाठी तपासणीपथक लागतंच.

आणि या सगळ्याच्या आधी: दावे वेळेवर फेडा. पैसे चार-सहा महिने थकले की रुग्णालय रुग्णाकडून 'औषधाचे तेवढे द्या' म्हणायला लागतं, आणि कागदावर मोफत असलेली सेवा पुन्हा पदरमोडीवर येते.

तिरपा रकाना

दरपत्रक यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून, मोजमापाबद्दल. किती लोकांकडे कार्ड आहे हा आकडा बिनकामाचा. लोकांच्या खिशातून जाणारा वाटा एकूण आरोग्यखर्चाच्या १५ ते २० टक्क्यांपर्यंत उतरला की कुटुंबं कर्जात बुडण्याचं प्रमाण नगण्य होतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या अहवालात मांडलं होतं. दुसरं, घरखर्चाच्या १० किंवा २५ टक्क्यांहून जास्त उपचारांवर गेला तर 'आर्थिक संकट' ही जुनी रूढ व्याख्या. तिच्यात मोठं भोक आहे: पैसे नाहीत म्हणून उपचारच न घेणाऱ्याचा खर्च शून्य, म्हणजे तो सुरक्षित दिसतो. म्हणून सर्वेक्षणात 'गेल्या वर्षी पैशाअभावी उपचार टाळले का' हा प्रश्न वेगळा विचारा, आणि औषधांचा खर्च दाखल होण्याच्या खर्चापासून वेगळा मोजा. बहुतेक ठिकाणी खिशातल्या पैशाची गळती औषधांतच सापडते, आणि अनेक योजना औषधांना मुळात धरतच नाहीत.