एमजीबी १९६६ : गरम झाल्यावर सिग्नलला बंद पडते, पुढचे दोन प्लग काळे

लेस्टरकर:
ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी, दोन एसयू एचएस४ कार्ब (कार्ब्युरेटर). थंड असताना ठीक. गरम झाली की आयडलिंग वरखाली होतं आणि गाडी बंद पडते. १-२ नंबरचे प्लग काजळलेले, ३-४ चे पांढुरके. पॉइंट्सची फट १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), टॅपेट १५ थाऊ, प्लग २५ थाऊ तपासलेत. पुढच्या कार्बचा जेट-नट (पेट्रोलच्या जेटची उंची ठरवणारा) वर घेऊनही फरक नाही. कार्ब बदलू का?

जुनाट_इंजिन:
बदलू नका. पुढचा कार्ब १-२ ला पुरवतो, मागचा ३-४ ला. काळे प्लग म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), पांढुरके म्हणजे लीन (पेट्रोल कमी). म्हणजे दोष दोन आहेत, वेगवेगळे.

नट वर घेऊन फरक नाही याचा अर्थ जेट खालीच अडकलंय, नटापर्यंत येतच नाही, म्हणून पेट्रोल जास्त जातं. थंड इंजिनसाठी जेट खाली ओढणाऱ्या चोकचं डॅशबोर्डवरचं बटण आत गेलं म्हणून जेट वर आलं असं नसतं. खालून बोटाने दाबून बघा. वर सरकलं तर केबल आणि लिंक साफ करा, केबलला थोडी ढील ठेवा. तरीही काजळी आली तर फ्लोटचा नीडल व्हॉल्व्ह (कार्बमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा) गळतोय.

स्पिंडल:
मागचा लीन आहे तो बहुतेक थ्रॉटल स्पिंडल (थ्रॉटलच्या चकतीचा दांडा) झिजल्यामुळे. बाजूने हवा आत येते. आयडलिंगला स्पिंडलच्या टोकांना ब्रशने इंजिन ऑइलचा थेंब लावा. आवाज क्षणभर बदलला तर खात्री झाली. कार्ब क्लीनरचा फवारा इथे मारू नका, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लगेच खालीच आहे.

जुनाट_इंजिन:
हे दोन्ही निस्तरल्यावरच सेटिंग. दोन्ही जेट ब्रिजच्या (कार्बच्या घशातल्या उंचवट्याच्या) पातळीला आणा, मग नट दोन पूर्ण फेरे (१२ फ्लॅट; फ्लॅट म्हणजे षट्कोनी नटाची एक बाजू) खाली. इंजिन गरम करा, एअर फिल्टर काढा, दोन कार्बच्या स्पिंडलना जोडणारा क्लॅम्प सैल करा, कानाला नळी लावून दोन्हींचा सूसू आवाज सारखा करा. मग कार्बमधला पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचला: वेग वाढून तसाच राहिला तर रिच, लगेच पडला तर लीन, किंचित वाढून पूर्ववत आला तर बरोबर. एका वेळी एकच फ्लॅट फिरवा.

डॅशपॉट (कार्बच्या पिस्टनवरचं झाकण) आणि पिस्टन जोडीनेच ठेवा, पुढचे-मागचे अदलाबदल झाले तर सेटिंग कधीच जमणार नाही. डॅम्परमध्ये (पिस्टनची उसळी मंद करणारा भाग) एसएई २० तेल. मात्र ते आयडलिंग सुधारत नाही, अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबल्यावरची अडखळ थांबवतं.

लेस्टरकर:
पुढचं जेट दाबल्यावर वर गेलं. मागच्या स्पिंडलला तेल लावताच वेग बदलला. नुसतं नवीन स्पिंडल पुरेल?

स्पिंडल:
आधी तेच घालून बघा. तरीही हलत असेल तर बॉडीची भोकं झिजलीत, ती मोठी करून बुश (आतली नळकांडी) बसवावे लागतील. थ्रॉटलच्या चकतीचे दोन स्क्रू चिरलेल्या टोकांचे असतात. चकती पूर्ण बंद स्थितीत मध्यावर आणून ते कसा आणि टोकं फाकवा. फाकवली नाहीत तर स्क्रू सुटून थेट सिलिंडरमध्ये जातो. पेट्रोलचे रबरी पाइपही आत्ताच बघून घ्या: २०२१ पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे, जुनं रबर त्यात तडकतं.