शर्मिष्ठा, देवयानी, ययाती ही नावं खरंच प्राचीन आहेत का?

फोंड्याचा_आकाशवेडा:
नमस्कार. परवा सांखळीला मामाकडे लाईट गेलेली, आभाळ एकदम स्वच्छ, भाचीला मोबाईलवर बघून शर्मिष्ठा हा तारकासमूह दाखवला तर ती विचारते ही नावं ऋषींनी ठेवली काय. जाणकारांनी सांगा.

तारकामंडळ:
नाही हो. ही चौकडी, म्हणजे वृषपर्वा धरून, जुन्या सिद्धांतग्रंथांत, म्हणजे ग्रहगणिताच्या पोथ्यांत, नाहीच. ग्रीकांकडे सीफियस, कॅसिओपिया, अँड्रोमेडा, पर्सियस हे एकाच गोष्टीतले लोक, मराठीत लिहिणाऱ्यांनी त्यांच्या जागी महाभारतातलं एक घराणं बसवलं. आपल्या जुन्या लोकांना सगळं आभाळ चित्रांनी भरायचं नव्हतंच, चंद्र आज कुठल्या ताऱ्यापाशी आहे एवढं कळलं की महिना जुळायचा, म्हणून नावं मिळाली ती मुख्यतः चंद्राच्या वाटेवर, 27 नक्षत्रं, अभिजित धरलं तर 28. पौर्णिमेचा चंद्र चित्रेपाशी तो चैत्र, विशाखेपाशी तो वैशाख. बाकी सुटे तारे मोजकेच, सूर्यसिद्धांतात अगस्त्य, मृगव्याध, अग्नी, ब्रह्महृदय असे.

म्हापशेकर:
राशींचं पण सांगा की. मेष, वृषभ हे सुद्धा ग्रीकांकडूनच आलं, वराहमिहिराने सहाव्या शतकात क्रिय, तावुरि, जितुम अशी ग्रीक नावंच दिलीयत. पण नवीन नावं म्हणून टाकाऊ असं मला वाटत नाही, शर्मिष्ठा म्हटलं की आमच्या पोरांना निदान गोष्ट तरी आठवते.

पेडण्याची_वाचक:
बरोबर, फक्त जुनं कुठलं नि नवं कुठलं ते मुलांना सांगायला हवं. अस्सल जुनं हवं तर मृग घ्या. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात प्रजापती हरिण होऊन रोहिणीच्या मागे लागतो, रुद्र बाण मारतो, आणि तो तीन कांडांचा बाण म्हणजे मृगाच्या पोटातले ते तीन तारे, सगळी गोष्ट आभाळात जशीच्या तशी दिसते, मला तर दरवेळी अंगावर काटा येतो! आमच्याकडे शेतकरी अजून 7-8 जूनला मिरग लागला म्हणतात, तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो म्हणून ते तारे काही दिसत नाहीत.

फोंड्याचा_आकाशवेडा:
खूप आभार सगळ्यांचे. अगस्त्य आपल्या गोव्यातून दिसतो का?

तारकामंडळ:
दिसतो तर. जानेवारी अखेरीस रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करा, व्याधाच्या बरंच खाली एकटाच ठळक तारा, तोच. फक्त त्या बाजूला डोंगर किंवा माड नकोत.