भरीत पार्टीचं बुकिंग: साइट परत बसली, गुरुवारच्या आत काय ते ठरवा

खजिनदार नाना (यावल)

मंडळी,
परदेशातल्या आपल्या खानदेशी मंडळाच्या साइटवर शनिवारी सकाळी दहाला भरीत पार्टीचं बुकिंग उघडलं, दहा वाजून सहा मिनिटांनी साइट आडवी. कानबाईच्या उत्सवाला झालं तेच. ४३ पानं (म्हणजे माणसं) लागली, शिवाय आणखी दोघांचे पैसे कापले गेले पण यादीत नाव नाही. त्या दोघांनी मला फोन करणं आता थांबवावं, पैसे परत मिळतील.

वांगीवाल्याला गुरुवारी आकडा द्यायचाय, हॉलवाल्याला शुक्रवारी. माझं म्हणणं: सर्व्हरचं मशीन चार जीबी मेमरीचं आहे ते सोळाचं करू. कार्यकारिणीने हो म्हटलं की आज रात्रीच करतो.

आप्पा (चोपडा)

नाना, आधी मला विचारायचं होतं. ती साइट २०११ साली मी लिहिली, दोन हिवाळे घालवून.

सोळाचं मशीन घेऊन काय होणार? साइट जावात आहे, आणि जावाला हीप (साइटने वापरायची मेमरी) किती घ्यायचा हे सांगितलेलं नसेल तर तो मशीनच्या मेमरीचा चौथा हिस्सा धरतो. आज एक जीबी. सोळा घेतलंत तर चार मिळतील, बाकीच्या बाराचं भाडं मंडळ भरणार. एक्सएमएक्स (हीपचा आकडा) लिहायला कोणी विसरलं असेल तर ते मी नाही, मशीन बदललं तेव्हा मी गावाला होतो.

लॉग पाठवा. आणि तोवर कोणी सर्व्हरला हात लावू नका.

धुळेकर

काय नाना, परत तेच व्हयनं ना? मी कानबाईलेच सांगेल व्हतं, दोन मशीन घ्या, पुढे लोड बॅलन्सर लावा. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. सगळं जग हेच करतं.

अक्का (धरणगाव)

मी सहा जणांची नावं भरली, प्रत्येकाचं वय लिहिलं, आणि शेवटचं बटण दाबलं तर पुन्हा लॉगिन. गेल्या वर्षी तक्रार केली होती तेव्हा वेळ वाढवून दिला होता, तो परत कमी केला का? आमची बोटं तुमच्यासारखी चालत नाहीत.

जळगावहून ताई

मला जळगावला परत येऊन तीन वर्षं झाली तरी यादीतून काढलेलं नाही म्हणून बोलते. साइट बसली तेव्हा आमच्याकडे दुपारचे साडेतीन वाजले होते, मी जागी होते आणि माझ्याकडे पासवर्ड आहे. (आप्पा, तुम्हीच दिला होता.)

आउट ऑफ मेमरी झाल्यावर हीपची नक्कल डिस्कवर टाकायची सोय मी कानबाईनंतर चालू करून ठेवली होती. ती फाइल एक्लिप्सच्या मेमरी ॲनालायझरमध्ये उघडली. वरपासून खालपर्यंत टॉमकॅटची (साइट चालवणारा सर्व्हर) सेशन्स, म्हणजे आलेल्या प्रत्येक पाहुण्याची त्याने मेमरीत ठेवलेली नोंद. मोजली, १८३. प्रत्येक सेशनने साधारण पाच एमबी धरून ठेवलेत. गुणाकार करा, नऊशेच्या वर जातं, आणि हीप एक जीबी. जीसी, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करणारा, बिचारा शेवटची पाच मिनिटं नुसता झाडू मारत होता, पण झाडणार काय? सेशन मॅनेजरच्या मॅपने एकेकाचा हात धरून ठेवलाय, मुदत संपेपर्यंत त्याला कचरा म्हणताच येत नाही. म्हणून साइट आधी मंद झाली आणि मग पडली.

आता पाच एमबी कशाचे? प्रत्येक सेशनमध्ये ६४० सभासदांची अख्खी यादी, नाव, गाव, वाढदिवस आणि अंगठ्याएवढा फोटो. फोटो आठ केबीचा. सेशन जन्माला येताच लिसनर (त्यावर कान लावून बसलेला कोड) डेटाबेसकडे जातो आणि यादीची नवी प्रत आणून त्यात टाकतो. एकाने साइट उघडली, एक यादी. तोच माणूस फोनवरून आला, दुसरी यादी.

ज्याला डझनभर केळी हवीत त्याच्या दारात आपण रावेरहून अख्खा ट्रक उभा करतो, आणि तो दोन तास हलवत नाही.

आप्पा (चोपडा)

ताई, ती यादी उजवीकडच्या ‘या महिन्याचे वाढदिवस’ चौकोनासाठी आहे. २०११ साली सभासद ८० होते आणि फोटो नव्हते. तेव्हा ते बरोबरच होतं, दर पानाला डेटाबेसला त्रास नको म्हणून. फोटो नंतर कोणी घातले त्याचं नाव मी घेत नाही.

आणि सेशन गेलं कसं? टॉमकॅट बंद होताना सेशन्स फाइलीत लिहून ठेवतो, उठला की वाचतो. पैसे भरलेल्यांची नावं मिळायला हवी होती.

जळगावहून ताई

शिस्तीत बंद केला तर लिहितो, आप्पा. हा नानांनी किल मायनस नऊ मारून जबरदस्तीने पाडला. आणि शिस्तीत पाडला असता तरी तुमचा फोटोचा क्लास सीरियलायझेबल (फाइलीत लिहिता येईल असा) नाही, निदान ती यादी फाइलीत उतरलीच नसती.

त्या दोघांचं खरं दुखणं वेगळं आहे. बँकेकडे पाठवण्याआधी बुकिंग डेटाबेसमध्ये लिहीतच नाही, फक्त सेशनमध्ये ठेवतो. पैसे भरून माणूस परत आला तोवर सर्व्हर मेलेला आणि पुन्हा उठलेला, त्याला हा कोण ते माहीतच नाही. पैशाची गोष्ट मेमरीच्या भरवशावर ठेवू नये.

अमळनेरकर बापू

संगणकातलं आम्हाला शिकवू नका, विप्रो १९४५ साली आमच्या अमळनेरला सुरू झाली.

धुळेकर

बापू, तेव्हा तिथे वनस्पती तूप निघत होतं, जावा नाही.

मुद्द्यावर या. दोन मशीनचं काय?

रावेरचा भाचा

काका, दोन मशीन घेतली तर पहिल्याच्या मेमरीतलं सेशन दुसऱ्याला दिसत नाही. मग स्टिकी सेशन लागतं, म्हणजे जो जिथे आधी गेला तिथेच त्याला पुन्हा पाठवायचं, आयडीच्या शेपटीला मशीनचं नाव लावून. त्यातलं एक पडलं की तिथले सगळे बाहेर. ते नको म्हणून टॉमकॅटचा डेल्टा मॅनेजर (सेशनच्या नकला करणारा) लावला तर तो प्रत्येक सेशनची नक्कल प्रत्येक मशीनवर ठेवतो. मशीन दोन झाली, पण भार वाटला गेलाच नाही. दोन्हीकडे १८३ च. बॅकअप मॅनेजर एकाच ठिकाणी नक्कल ठेवतो, मशीन दोनाहून जास्त असली तर तो त्यातल्या त्यात बरा.

मी म्हणतो सेशन रेडिसमध्ये (मेमरीत चालणाऱ्या वेगळ्या साठ्यात) टाकू. सेशन तिकडे नेणारं स्प्रिंग सेशन लावलं की टॉमकॅट मोकळा, कितीही मशीन वाढवा. आमच्या ऑफिसात हेच आहे.

जळगावहून ताई

भाचेबुवा, रेडिस चांगलं आहे, पण पाच एमबीचं गाठोडं रेडिसमध्ये ठेवलं तर दर क्लिकला ते नेटवर्कवरून आणायचं, उलगडायचं, बदल झाला की परत बांधून पाठवायचं. कचरा तोच, शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन टाकलेला. आधी गाठोडं हलकं करू. सभासद क्रमांक आणि बुकिंग क्रमांक, एवढंच सेशनमध्ये. मग ६४० माणसांना रेडिस लागतच नाही.

रावेरचा भाचा

पटलं. तेवढंच असेल तर सही केलेल्या कुकीतही (ब्राउझरकडे ठेवायची चिठ्ठी) मावेल, चार केबीची मर्यादा असते. पण नको, लॉगआउट केलेल्या माणसाची कुकी रद्द करायची भानगड वाढेल.

मुदतीवरून आठवलं. आमच्या इथे एकाने वेब-एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलीत सेशनची मुदत ७२०० लिहिली, दोन तास समजून. कोडमधून मुदत देताना सेकंद असतात, त्या फाइलीत मिनिटं. पाच दिवस सेशन मरेना. तीन आठवडे आम्ही दर सोमवारी लीक (मेमरी कुठे अडकतेय ते) शोधत होतो, आणि दर शुक्रवारी सर्व्हर रीस्टार्ट केल्याने सोमवारी काही सापडत नव्हतं.

आपली किती आहे?

खजिनदार नाना (यावल)

१२०. मिनिटंच. अक्कांच्या तक्रारीनंतर मीच तीसाची एकशेवीस केली होती.

पण मला एक सांगा, शनिवारी सहा मिनिटांत १८३ माणसं आली कुठून? मी व्हॉट्सॲपवर पाहत होतो, साठ-पासष्टच्या वर कोणी नव्हतं.

जळगावहून ताई

नाना, हेच मला काल रात्री झोपू देईना. परत बसले. १८३ पैकी १२० सेशन्समध्ये लॉगिन नाही. जन्माची वेळ आणि शेवटची भेट एकच. म्हणजे आला, एकदा तोंड दाखवलं, परत फिरकला नाही. आणि त्या वेळा ओळीने लावल्या तर बरोबर एका मिनिटाच्या अंतराने आहेत. बुकिंग उघडायच्या आधीपासून.

मिनिटाला एक, मुदत १२० मिनिटं, म्हणून १२०. जुनं एक मरतं, नवं एक येतं. सहाशे एमबी कायमचे त्याच्याच नावावर. खऱ्या माणसांना उरलं तीनशेच्या आसपास. साठाव्या माणसाला बोंब.

माणूस नाहीये तो. कुकी परत पाठवत नाही म्हणून दर वेळी टॉमकॅटला नवा पाहुणा वाटतो. कोणी काही लावलंय का?

खजिनदार नाना (यावल)

…तो मॉनिटर माझा आहे. कानबाईला साइट पडल्याचं मला अक्कांच्या फोनवरून कळलं, म्हणून दर मिनिटाला साइट जिवंत आहे का ते बघणारी सेवा लावली. फुकट होती.

आप्पा (चोपडा)

हा हा हा. नाना, नाडी बघता बघता गळाच दाबला.

धुळेकर

कानबाईला मॉनिटर नव्हता ना? मग तेव्हा का पडली?

जळगावहून ताई

तेव्हा मुदत दोन तास झालेली होती. रोटाच्या (कानबाईच्या नैवेद्याच्या) यादीत आपलं नाव आहे का एवढं बघून लोक खिडकी बंद करतात, पण खिडकी बंद केल्याचं सर्व्हरला कळत नाही. दोन तासांत दोनशे जण डोकावले की पुरे.

काल रात्री केलेलं सांगते. यादी एकदाच, सर्व्हरच्या सामाईक जागेत, दर पंधरा मिनिटांनी ताजी. लिसनर काढला. पहिलं पान जेएसपी (जावातलं पान) आहे, आणि जेएसपी न मागताच सेशन उघडते, म्हणून तिथे सेशन फॉल्स लिहिलं. मॉनिटरला एक वेगळं रिकामं पान दिलं. बाकी ठिकाणी नुसतं गेटसेशन होतं तिथे कंसात फॉल्स घातलं, म्हणजे सेशन असेल तर द्या, नवं उघडू नका, लॉगिन सोडून. बुकिंग आधी डेटाबेसमध्ये ‘पैसे बाकी’ म्हणून, मग बँकेकडे.

आता एक सेशन पाच केबीही नाही. आप्पा, तुमच्या कोडला हात लावला, रागावू नका.

आप्पा (चोपडा)

रागावलो नाही. पण मला आधी दाखवायचं. मीही हेच सुचवणार होतो.

अक्का (धरणगाव)

म्हणजे माझा वेळ परत कमी होणार?

जळगावहून ताई

अक्का, मुदत वीस मिनिटांवर आणली, पण एकेक नाव भरलं की ते तिथल्या तिथे डेटाबेसमध्ये जातं. मध्ये चहा घ्या, फोन घ्या, दुपारी परत या, लॉगिन केलं की जिथे होतात तिथून पुढे.

अमळनेरकर बापू

वांगी कुठली आणणार ते कोणी सांगेल का? मागच्या वेळी काळी, लांबुळकी, इटालियन दुकानातली होती. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आपण इथे काळ्या वांग्याचा लगदा खातो. बामणोदचं हिरवं-पांढरं वांगं, पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या काड्यांच्या) जाळावर. बाकी सगळं उकडलेली भाजी.

धुळेकर

पऱ्हाट्या कौन्सिलच्या हॉलमध्ये पेटवा, बापू, आणि फायर अलार्म वाजला की तुम्हीच बोला त्यांच्याशी. गेल्या खेपेला नुसत्या फोडणीने वाजला होता.

खजिनदार नाना (यावल)

मशीन चारचंच राहतंय. बुकिंग बुधवारी संध्याकाळी सातला. त्या दोघांची नावं मी हाताने घातली, आता ४५. फोडणी बाहेर गाडीतळावर, मागच्या दाराने आत आणायची, मॅनेजरशी बोललोय.

अक्का (धरणगाव)

नाना, आत्ता उघडून पाहिलं. वाढदिवसाच्या चौकोनात माझा फोटो नाही, आप्पांचा दोनदा आहे.